शिक्षेआधीचे नऊ दिवस

दादा दोषी ठरला त्या क्षणी मी मागच्या बाकावर बसून पर्समध्ये आईच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधत होते. न्यायाधीशांचा आवाज बारीक आणि डोक्यावरचा पंखा कुरकुरणारा, त्यामुळे तो शब्द मला ऐकूच आला नाही. वकीलबाईंनी मागे वळून माझ्याकडे बघत हळूच मान हलवली, तेव्हा कळलं. असं काही कानावर आलं की छातीत धस्स होईल, हातपाय गार पडतील, असं मी धरून चालले होते. तसलं काही झालं नाही. चिठ्ठी सापडली. मी तिची घडी करून ती परत आत ठेवली.

शिक्षा किती, ते त्या दिवशी सांगितलं नाही. त्याआधी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायचं असतं. नऊ दिवसांनंतरची तारीख मिळाली आणि तोवर जामीन कायम राहिला. म्हणजे दादा माझ्याबरोबर घरी आला. वाटेत त्याने केळी घेतली.

झालं होतं ते असं. दादा लिफ्टचा मेकॅनिक. एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट बंद पडली म्हणून तो गेला होता. चौथ्या मजल्यावरच्या दाराच्या कुलपात बिघाड होता. दार नीट लागलंय हे यंत्राला कळल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. म्हणून अशा वेळी मेकॅनिक लोक तपासणीपुरती एक तार जोडतात. तार जोडली की सगळी दारं बंद आहेत असं समजून लिफ्ट चालते. बिघाड सापडला की तार काढायची, कुलूप दुरुस्त करायचं आणि मगच लिफ्ट लोकांच्या ताब्यात द्यायची. दादाने तार जोडली, लिफ्ट वरखाली करून बघितली आणि काम तसंच टाकून तो निघून गेला. 'लिफ्ट बंद आहे' ही पाटीसुद्धा त्याच्या पिशवीतच राहिली. पावणेतीन तासांनी चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी दार ओढलं. ते उघडलं. लिफ्ट तळमजल्यावर होती. घराकडे मान वळवून नवऱ्याशी बोलत बोलत बाईंनी आत पाऊल टाकलं.

त्या बावन्न वर्षांच्या होत्या. शिवणकाम शिकवायच्या. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे.

खटला दोन वर्षं चार महिने चालला. पहिल्या दिवसापासून दादा एकच वाक्य बोलत आला. पोलिसांना, कंपनीला, कोर्टाला, सगळ्यांना तेच. "तार काढायची राहिली." त्याच्यापुढे काही नाही, मागे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वकीलबाईंकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. खालच्या यंत्रांचा गरम कागदाचा वास वर येतो. अशिलाच्या खुर्चीचा एक पाय तोकडा आहे, त्याखाली जुन्या कुठल्यातरी निकालपत्राची घडी सारलेली. वकीलबाईंनी चष्मा केसांवर चढवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"तो निर्दोष आहे असं आता म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते दार बंद झालं. आता एवढंच सांगायचं, की हा माणूस कोण आहे आणि ह्याला किती दिवस आत ठेवून काय साधणार आहे. जास्तीत जास्त दोन वर्षं होऊ शकतात. त्यातून आपल्याला जेवढं खाली आणता येईल तेवढं. आणि रडगाणं चालत नाही हो. कागद लागतात."

मग त्यांनी यादी सांगितली आणि मी लिहून घेतली. वयाचा दाखला. तांत्रिक शाळेचं प्रमाणपत्र. वीस वर्षांच्या नोकरीत एकही तक्रार नाही, असं कंपनीचं पत्र. आईच्या आजाराची फाइल, आणि ती त्याच्यावर अवलंबून आहे हे दाखवणारं काहीतरी. त्याला ओळखणाऱ्या तीन-चार प्रतिष्ठित माणसांची पत्रं. त्याच्या स्वतःच्या हातची पश्चात्तापाची चार वाक्यं.

"प्रतिष्ठित म्हणजे?" मी विचारलं.

"ज्यांच्या नावापुढे काहीतरी पदवी आहे असे. काय करणार, माणूस तोच असला तरी कागदाला टोपी लागते."

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारी नोंदवून घेते. त्यामुळे माणसाचा संसार कागदावर कसा बसवायचा, ह्याची मला सवय होती. तीन दिवस मी हेच करत फिरले. सकाळी ऑफिस, दुपारी कुणाच्या तरी दारात.

कंपनीच्या सुपरवायझरने मला फाटकाशीच गाठलं. आत बोलावलं नाही. दादाने त्याला काम शिकवलं होतं. आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला माणूस. "कंपनीवरही वेगळी केस आहे ताई," तो म्हणाला. "एक ओळ लिहायची नाही असं वकिलांनी बजावलंय. मी काय करू?" मी काही करा म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, "दादांना नमस्कार सांगा." मी म्हटलं, "सांगते."

पदवी असलेलं एकच माणूस मिळालं, एक दातांची डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी ती लिफ्टमध्ये अडकली होती, तेव्हा दादा तिला सोडवायला गेला होता. तिला बंद जागेची भीती. तिने पेशंटला खुर्चीवर आ करून तसंच ठेवलं आणि बाहेर येऊन माझ्याशी बोलली.

"दोन तास दहा मिनिटं," ती म्हणाली. "मी आत किंचाळत होते. ते दाराबाहेर फरशीवर मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, बाई, माझी अक्कलदाढ दुखतेय, काढू की ठेवू? मी एवढी चिडले! मग सांगायला लागले. कुठली दाढ, हाड कसं असतं, भूल कशी देतात. वर दुसरा माणूस यंत्रावर काम करत होता आणि हे खालून एकामागून एक शंका काढत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, या, दाढ बघते. तर म्हणाले, दाढ कधीच काढलीय, दहा वर्षं झाली."

ती हसली आणि मग हसणं आवरून माझ्याकडे बघायला लागली. तिने तिथेच उभ्याउभ्या औषधांच्या कागदावर पाठपोट लिहून दिलं. मला वाटलं, आता तरी रडू येईल. रिक्षात बसल्यावर थोडा वेळ मी वाट पाहिली. काही आलं नाही.

घरी दादा कामाला लागला होता. नोकरी गेल्यापासून तो पंखे-मिक्सर दुरुस्त करायचा, पण आता त्याने आमचं घरच काढलं. नळांचे वायसर बदलले. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. विजेच्या बोर्डावर प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवली, 'गॅलरी', 'मोरी', 'आईचा पंखा'.

"अरे, तीस वर्षं राहतोय आपण इथे," आई म्हणाली. "मला काय बटणं कळत नाहीत?"

"तुला कळतात गं. हिला कळत नाहीत."

आईने नाक मुरडलं. आई एकाहत्तर वर्षांची. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा तिला रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागतं, चार चार तास. मंगळवार आणि शनिवार दादाचे, गुरुवार माझा. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

चौथ्या दिवशी पश्चात्तापाची वाक्यं घेऊन आम्ही दोघं वकीलबाईंकडे गेलो. दादाने वहीचा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तार काढायची राहिली. माझ्याकडून राहिली.'

वकीलबाईंनी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

"ह्यात पश्चात्ताप कुठे आहे?"

"ह्यात नाही का?" दादाने खरोखरच विचारलं.

त्यांनी कागद फाइलीत ठेवला. मग दादाला खाली झेरॉक्स काढायला पाठवून त्या माझ्याकडे वळल्या.

"एक गोष्ट मला दोन वर्षं खटकतेय. वीस वर्षं ज्याने पाटी लावल्याशिवाय पाना हातात घेतला नाही, तो माणूस अर्धं काम टाकून पळतो कसा? वॉचमनने साक्षीत सांगितलंय, फोनवर बोलत बोलत जिना उतरला म्हणून. फोन कोणाचा होता? किती वेळा विचारलं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. घाईचं खरं कारण मिळालं तर न्यायाधीशांपुढे ठेवता येईल. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "विचारून बघते."

फोन माझा होता.

त्या दिवशी गुरुवार होता, माझी पाळी. मी आदल्या दिवशीच रजा टाकली होती, पण आईसाठी नाही. सकाळी दहा चाळीसला दादाला फोन करून म्हटलं, "साहेबांनी अचानक मीटिंग लावलीय, माझं जमत नाही, आईला तू घेऊन जा." तो म्हणाला, "आत्ता? काम उघडं पडलंय गं." मी म्हटलं, "बारापर्यंत पोचलं नाही तर नंबर जाईल." तो म्हणाला, "बरं, निघतो." मग मी फोन बंद करून टाकला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. खटल्याच्या प्रत्येक तारखेला मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज दादा सांगणार. तो सांगायचा नाही. घरी येऊन मी भात लावायचे. हळूहळू ती गोष्ट, पायात काच गेलेली असावी आणि वरून कातडी भरून यावी, तशी झाली होती. चालता येत होतं.

वकीलबाईंकडून परतल्यावर दुपारी दादा गॅलरीत आईच्या चाकाच्या खुर्चीला तेल घालत बसला होता. आई आत झोपली होती. मी उंबऱ्यावर बसले.

"वकीलबाई विचारतायत, फोन कोणाचा होता."

"मग?"

"मी म्हटलं विचारते."

"विचारलंस. झालं."

त्याने चाक फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं.

"माझा होता," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. मीच उचलला होता."

"मीटिंग आहे म्हटलं होतं मी."

"हं."

"मीटिंग नव्हती, दादा."

त्याने बाटलीचं टोपण लावलं. "तेही ठाऊक आहे. आईच्या इंजेक्शनचा कागद तुझ्या पर्समध्ये राहिला होता. तुझा मोबाइल लागेना, म्हणून दवाखान्यातून ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, त्या आज रजेवर आहेत." त्याने बाटली बाजूला ठेवली. "मी फोन ठेवला, आणि पंधरा मिनिटांत त्या इमारतीतून फोन आला. मग तुझं राहूनच गेलं."

"दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"कोणाला?"

"कोर्टाला. नाहीतर मला तरी."

"तुला काय सांगायचं? तू खोटं बोललीस हे? तुला ठाऊकच होतं की." मग पहिल्यांदाच त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "कुठे होतीस गं, ठमे?"

लहानपणी मी हट्ट करून बसले की तो मला ठमाबाई म्हणायचा. कित्येक वर्षांत म्हणाला नव्हता.

"खोली बघायला गेले होते. भाड्याची. एकटीने राहायला."

"मला वाटलं, कुणी आहे."

"नाही. कुणी नाही."

"कुणी असतं तर बरं होतं," तो म्हणाला, आणि खुर्चीचा ब्रेक दोनदा लावून सोडून बघितला. मला कळलं की हे त्याला लागलं. खोटं बोलले ते नाही; कुणी पुरुष असता तर तेही लागलं नसतं. आमच्यापासून सुटायला मी एक रिकामी खोली बघायला गेले होते, हे लागलं.

"हे लिहायचं नाही," तो उठत म्हणाला. "घाई काय मला पहिल्यांदा झाली होती? तार काही फोनने नाही ठेवली. मी ठेवली."

पाचव्या दिवशी मी एकटीच वकीलबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "खोलीचं लिहायची गरज नाही. 'बहिणीला अपरिहार्य कारणाने जाता आलं नाही' असं टाकू."

"सरकारी वकिलांनी आमच्या ऑफिसचं हजेरीपुस्तक मागवलं तर?"

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. "मग एक तर सगळं खरं लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. अर्ध्या खऱ्याइतकं कोर्टात दुसरं काही अंगाशी येत नाही. तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. उघड कोर्टात वाचलं जाईल. आई येणार आहेत ना त्या दिवशी?"

"हो."

"आणि त्याची संमती लागेल. म्हणणं त्याचं आहे, तुमचं नाही."

"ह्याचा उपयोग होईल?"

"थोडा. कदाचित. आईला न्यायला धावला, हे कारण आहे. बहिणीने खोटं सांगितलं म्हणून बाई मेली, असा वास आला तर ती सबब. कारण आणि सबब ह्यांत केसाएवढं अंतर असतं, आणि ते न्यायाधीशांना आपल्यापेक्षा लवकर दिसतं."

त्यांनी टायपिस्टला मजकूर सांगायला सुरुवात केली. 'मी, खाली सही करणारी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...' माझंच चाललं होतं, पण दुसऱ्याच कुठल्या बाईचं ऐकतेय असं वाटत होतं. ती बाई मला फारशी आवडली नाही. पण तिचा रागही आला नाही.

गुरुवार आला. आईला मी घेऊन गेले. दवाखान्याच्या त्या खोलीत आठ पलंग आणि आठ यंत्रं. प्रत्येक यंत्राचं चाक संथ फिरतं आणि नळीतून रक्त बाहेर जाऊन परत येतं. आईच्या पायांवर चादर घालून मी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. मीटिंग, खोली, दादाला लागलेला पत्ता, प्रतिज्ञापत्र, सगळं. आवाज खाली ठेवून, तक्रार नोंदवावी तसं क्रमाने.

आई छताकडे बघत होती. शेजारच्या पलंगावरचे आजोबा घोरायला लागले.

"खोली कशी होती?" तिने विचारलं.

"काय?"

"खोली गं. बघितलीस ना?"

"छोटी होती. पूर्वेला खिडकी."

"पाणी?"

"सकाळी दोन तास."

"पाण्याच्या खात्यात असून दोन तासांची खोली बघितलीस." तिने डोळे मिटले. "मला सांगायचंस तरी. मी काय लोणच्याची बरणी आहे, दोघांनी मिळून फडक्यात बांधून ठेवायला?"

त्यानंतर चार तास ती बोलली नाही. मी तिचा हात धरला, तो तिने काढून घेतला नाही आणि धरलाही नाही. घरी आल्यावर दादाने तिला खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवलं. तेव्हा ती त्याला म्हणाली, "तिला कोर्टात बोलू दे."

"आई, त्याने काही होत नाही."

"नको होऊ दे. तुझं तू वाहतोयस ना? मग तिचं तिला वाहू दे. सगळं आपल्याच डोक्यावर घेऊन मिरवू नकोस."

दादा स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. बाहेर येऊन त्याने सहीसाठी माझ्याकडे पेन मागितलं.

नवव्या दिवशी कोर्टाची खोली निम्मी रिकामी होती. निकालाला लोक येतात, शिक्षेला फारसं कुणी येत नाही. आईची खुर्ची बाकांच्या मधल्या वाटेत लावली. पलीकडच्या बाजूला पहिल्या रांगेत चष्मेवाले एकटेच बसले होते. त्या बाईंचे यजमान. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. दोन वर्षांत आमच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. वकीलबाईंनी आम्हाला आधीच ताकीद दिली होती, बोलायला जायचं नाही, हात जोडायचे नाहीत.

सरकारी वकील थोडक्यात बोलले. माणूस लिफ्टमध्ये पाऊल टाकतो ते मेकॅनिकवर भरवसा ठेवून, तो भरवसा मोडला, शिक्षा पूर्ण दोन वर्षं द्यावी.

मग वकीलबाई उठल्या. वय त्रेचाळीस, अविवाहित, पहिलाच गुन्हा, पहिल्या दिवसापासून कबुली, आजारी आई. दातांच्या डॉक्टरचं पत्र त्यांनी पूर्ण वाचलं. अक्कलदाढेपाशी न्यायाधीशांनी मान वर केली, पण हसले नाहीत. मग माझं प्रतिज्ञापत्र. 'सदर दिवशी मी रजेवर होते. मी भावाला खोटं कारण सांगितलं. मी स्वतंत्र राहण्यासाठी खोली पाहण्यास गेले होते.' मी पुढे जाऊन उभी होते. सगळ्या खोलीला माझी पाठ दिसत असणार. दादाच्या दोन वाक्यांचा कागदही वकीलबाईंनी तसाच पुढे दिला, काहीही न जोडता.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीने लिहून दिलंय?"

"हो."

"बसा."

मग ते चष्मेवाल्यांकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

ते उठले. दोन्ही हात बाकाच्या कडेवर ठेवले. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं ते दादाकडे.

"सांगायचं काही नाही," ते म्हणाले. "एक विचारायचं होतं. चालेल का?"

न्यायाधीशांनी मान हलवली.

"ती तार. इथे एकदा पाकिटात दाखवली होती, पण मी लांब होतो. नीट दिसली नाही. केवढी होती?"

दादा पिंजऱ्यात उभा होता. वकीलबाईंनी त्याच्याकडे, मग न्यायाधीशांकडे बघितलं. कुणी अडवलं नाही. दादाने दोन्ही हात वर केले आणि बोटांमध्ये अंतर धरलं.

"एवढी," तो म्हणाला. "वीतभर. निळी."

चष्मेवाले त्या अंतराकडे बघत राहिले. नजर बारीक करून, एखाद्याच्या डोळ्यांचा नंबर काढताना बघत असतील तसं. मग म्हणाले, "बरं," आणि खाली बसले. दादाचे हात थोडा वेळ तसेच वर राहिले. ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही. शेवटी पोलिसाने दंडाला हात लावला.

पाऊण तासाने शिक्षा सांगितली. एक वर्ष साधी कैद. कारणं न्यायाधीशांनी त्या बारीक आवाजात वाचली. दीर्घ सेवा, कबुली, आजारी आई हे विचारात घेतलं. फोनबद्दल त्यांनी दोनच वाक्यं म्हटली. "आईसाठी झालेली घाई न्यायालय समजू शकतं. तार काढून पाटी लावायला किती वेळ लागतो, तेही न्यायालयाला समजतं." बहिणीच्या खोटेपणाचा उल्लेख नव्हता. ना बरा, ना वाईट. मी तो शोधत होते, पण पुढचं पान आलं आणि संपलं.

वकीलबाई म्हणाल्या, "निम्म्यावर आलं. मी दीड धरून चालले होते." मी त्यांचे आभार मानले. दादा आईपाशी वाकला. तिने त्याची कॉलर सरळ केली. मग पोलिसांनी त्याला बाजूच्या दाराने नेलं.

अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. विसाव्या दिवशी भेटीची परवानगी मिळाली, तेव्हा वकीलबाईंनी दिलेले कागद घेऊन मी गेले. आई हट्टाने बरोबर आली. दोन बस, आईची घडीची खुर्ची आणि एक लांबलचक भिंत. भेटीच्या खोलीत मधे जाळी, अलीकडे बाकडी, आणि सगळे एकदम बोलत असल्याने कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

दादा बारीक दिसत होता. आईने विचारलं, "जेवतोस का?" तो म्हणाला, "जेवतो. इथले पंखे दुरुस्त करायला दिलेत मला. सगळे कुरकुरतात." आई म्हणाली, "झोप?" तो म्हणाला, "लागते." मी विचारलं, "दादा, खरंच लागते?" त्याने जाळीत बोट अडकवलं. मग म्हणाला, "पहिल्या रात्री लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याचीच लाज वाटली."

मी कागद जाळीला टेकवले. "अपिलाचे आहेत. सही केलीस तर वकीलबाई आणखी खाली आणायचा प्रयत्न करतील."

मी पानं उलटत गेले, त्याने वाचले. ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग मान हलवली.

"नको."

"सहा महिन्यांवर येऊ शकतं, त्या म्हणाल्या."

"येऊ शकतं. पण नको." आणि मग जरा पुढे वाकून, जाळीला नाक लागेल इतक्या जवळून, "त्या खोलीचं काय झालं गं? त्या दिवशी तू हो म्हणाली होतीस का?"

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या कुणाला दिली असेल त्यांनी."

"दुसरी बघ," तो म्हणाला. "मी आल्यावर. आत्ता नको, आत्ता आई आहे. पण बघून ठेव." आई त्या गोंगाटात ऐकत होती की नाही, कळलं नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि आतली सगळी माणसं एकदम उठली.

परतीच्या बसमध्ये आईला खिडकीशी जागा मिळाली. मी कागदांची घडी करून पर्समध्ये ठेवली. बाहेर भिंत बराच वेळ आमच्याबरोबर चालत राहिली, मग संपली, मग टायरची दुकानं लागली, एक शाळा लागली. दोन थांबे गेल्यावर आई म्हणाली, "केस फार बारीक कापलेत त्याचे."

मी म्हटलं, "वाढतील."

"हो," ती म्हणाली. "वाढतात म्हणा." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. ते हलकं होतं. मी हलले नाही.